उमाजीभाऊंच्या कवठावर हरकत

हेल्मेट काढायला मी हात वर केला आणि तेवढ्यात डोक्यावर असा दणका बसला की... हेल्मेट अजून डोक्यातच होतं म्हणून बरं. पायाशी एक पिकलेलं कवठ गडगडत गेलं. मागोमाग वरून आवाज आला.

"लागलं काय जी?"

मी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या कवेलूंच्या छपरावर एक तरुण हातात लांब बांबू घेऊन उभा होता. सकाळचं ऊन बरोबर त्याच्या पाठीमागे, त्यामुळे चेहरा नीट दिसेना. दात तेवढे दिसले. म्हणजे हसत होता.

"या झाडाची परवानगी अजून मिळालेली नाही," मी शक्य तितक्या सरकारी आवाजात म्हटलं.

"ते तोडाची. मी त कवठं पाडून राह्यलो. पाडाले बी परवानगी लागते काय?"

नियमात तसं काही नव्हतं. मी हेल्मेट काढायचा विचार सोडून दिला.

सावली गावच्या नगरपंचायतीत मी नुकतीच उद्यान पर्यवेक्षक म्हणून लागले होते. कंत्राटावर, वर्षावर्षाच्या. घर चिमूरला, इथे भाड्याची खोली. काम असं, की घराच्या आवारातलं झाड कुणाला तोडायचं असेल तर तो अर्ज करणार, मी जाऊन झाड बघणार, झाडावर नोटीस लावणार, आणि कुणाची हरकत आली तर कार्यालयात सुनावणी होणार. हे लोकांना सांगितलं की ते माझ्याकडे असे बघत, जणू मी त्यांना स्वतःच्या घरात झोपायलाही अर्ज करायला सांगते आहे.

अर्ज उमाजीभाऊंचा होता. मोठ्या तलावावर मासेमारी करणाऱ्या संस्थेतले जुने सभासद. ते आणि त्यांची बायको कुंताबाई अंगणात माझी वाटच पाहत होते.

"झाड कशासाठी तोडायचं?" मी विचारलं.

"खोली बांधाची हाये," उमाजीभाऊ म्हणाले. "पोराचं लग्न कराचं हाये."

"मुलगी ठरली?"

"खोली नाई त पोरगी कुठून ठरन?" कुंताबाई म्हणाल्या. "जो पाव्हणा येते तो आंदी खोली पाह्यते, मंग पोराले पाह्यते. कई कई त पोराले पाह्यतच नाई."

पोरगा एव्हाना कवेलूंवरून उतरून आला होता. त्याचं नाव स्वप्निल. मासळीचं बीज, म्हणजे तळ्यात सोडायची बोटभर पिल्लं, विकायचा धंदा करत होता. जवळून पाहिल्यावर मला त्या पाहुण्यांचं नवल वाटलं... खोली राहू दे, पोराकडे तरी बघायला हवं होतं. अर्थात हे मी कुठे लिहिलं नाही.

"झाड किती जुनं आहे?"

उमाजीभाऊंची छाती फुगली. "माह्या आज्यानं लावलं. सत्तर वर्षं त कुठीच गेली नाई."

"मग परवानगी मिळाली तर सत्तर झाडं लावावी लागतील. जेवढं झाडाचं वय, तेवढी नवी झाडं. आणि ती जगवावी लागतील."

उमाजीभाऊंनी झाडाकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघत होते.

"आज्यानं लावलं मंजे..." ते हळूच म्हणाले, "आज्या लय म्हातारा झाल्यावर. मराच्या वक्ताले. तसं पाह्यलं त लहानच हाये ते."

स्वप्निल तोंड फिरवून खोकायला लागला. मीही खाली वाकून पर्समधला टेप शोधत राहिले, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

खोडाचा घेर मोजायचा तर टेपचं एक टोक कुणीतरी धरायला लागतं. स्वप्निल पुढे आला. खोड चांगलं जाडजूड. तो एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. टेप मागून फिरवून त्याच्या हातात द्यायचा होता. मी चाचपडत दिला आणि बोटांना बोटं लागली. त्याच्या हातांना पिकल्या कवठाचा आंबटगोड वास होता.

"बाई," खोडापलीकडून आवाज आला, "थोडं सैल मोजा. झाडाले गुदगुल्या होत असन."

"टेप घट्ट धरा."

"धरला हाये. तुमीच सोडून राह्यल्या."

खरंच, माझ्याच हातून टोक सुटलं होतं. पुन्हा मोजलं. मग लिहिताना आकडा विसरले म्हणून तिसऱ्यांदा मोजलं.

झाड निरोगी होतं. ना किडलेलं, ना घरावर झुकलेलं. घराच्या मागच्या अंगाला, विहिरीकडे, खोलीपुरती मोकळी जागाही होती. मी तसं सांगितल्यावर कुंताबाईंचा चेहरा उतरला. "तिकडं सरपण ठेवतो आमी," त्या म्हणाल्या, जणू सरपणाला दुसरीकडे राहवतच नाही.

खोडाला सुतळीने नोटीस बांधली. स्वप्निलने ती मोठ्याने वाचली.

"हरकत कोणी बी घेऊ शकते?"

"कोणीही."

"मी बी?"

"तुम्ही तर अर्जदाराचे चिरंजीव."

"चिरंजीवानं घेऊ नये, असं लिवलं हाये काय?"

मी नियम आठवून पाहिले. लिहिलेलं नव्हतं. "का, तुम्हाला झाड तोडायचं नाही?"

"मले कोनं इचारलं?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला नाही. "या झाडाखाली बसून मी जाळं इनाले शिकलो. अन् लग्न... ज्या पोरीले मी नाई, खोली पायजे, तिच्यासंगं त्या खोलीत बसून बोलू काय मी?"

मी सुतळीची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

कार्यालयात आमचे वृक्ष अधिकारी सादिक साहेब मोबाईलवर झाडाचे फोटो बघत होते. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग चष्मा वर सरकवला.

"आचल, कवठाचं झाड आहे ना हे?"

"हो साहेब."

"या पोराच्या मागे आहे का?"

मी फोन जवळ घेतला. खोडाचा फोटो, त्यात स्वप्निल. फांद्यांचा फोटो, त्यात स्वप्निल. विहिरीकडच्या मोकळ्या जागेचा फोटो, त्यातही कोपऱ्यात अर्धा स्वप्निल.

"पुन्हा काढून आणा," साहेब म्हणाले. "यावेळी झाडाचे."

मग पुन्हा गेले. आणि त्यानंतर जागेचं माप राहिलं होतं म्हणून पुन्हा. मग आणखी दोनदा, कशासाठी ते आता आठवत नाही. दर वेळी तो घरी असायचा. धंदा चालतो तरी कधी, असं विचारलं तर म्हणाला, "मासे पाण्यात हायेत, कुठी जात नाईत. तुमी त जाता." मी स्कूटी सुरू करायचे आणि पुढच्या वळणापर्यंत तोंडावरचं हसू आवरायचं राहून जायचं. धान निघून गेलेल्या शेतांवरून गार वारा यायचा... हेल्मेटच्या आत मी एकटीच लाल झालेली.

मुदतीच्या शेवटी एकच हरकत आली. अर्जदाराच्या चिरंजीवांची.

सुनावणीला उमाजीभाऊ, कुंताबाई आणि स्वप्निल एकाच मोटारसायकलवर आले आणि साहेबांसमोर दोन बाजूंना बसले. कुंताबाई आधी मुलाच्या बाजूला बसल्या. मग काहीतरी आठवल्यासारखं उठून नवऱ्याकडे गेल्या.

साहेबांनी हरकत वाचली. "यात लिहिलंय, 'मले लग्न कराचं नाई.' भाऊ, तुमची हरकत झाड तोडण्याला आहे की लग्नाला?"

"झाड तोडून होणाऱ्या लग्नाले," स्वप्निल म्हणाला.

"आणि झाड न तोडता होणाऱ्या?"

त्याची नजर खाली गेली, मग खिडकीकडे, मग... मी पटकन फाईल उघडली.

"साहेब, मी सांगते," कुंताबाई म्हणाल्या. "पोरगं आंदी असं नोतं. तीन ठिकाणी पोरी पाह्यल्या, चुपचाप आलं. ह्या बाई टेप घेऊन आल्या, तवापासून त्या झाडाखालून हालत नाई. मी म्हटलं, बाप्पा, झाडाले काई लागलं काय... बाहेरचं?"

उमाजीभाऊ गंभीरपणे मान डोलवत होते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

माझे कान तापले. साहेब माझ्याकडे वळले. "बरं, तुमचा अहवाल वाचा. परवानगी नको, असंच म्हणणं आहे ना?"

अहवाल हातात होता. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. झाड निरोगी होतं, जागा दुसरीकडे होती. पण बाहेर वऱ्हांड्यात दुसऱ्या सुनावणीचे लोक बसले होते, त्यांच्या कानावर आता सगळं गेलंच होतं. उद्या गावात म्हणणार, त्या बाईनं पोरासाठी झाड ठेवलं. मग सावलीत कुणी माझ्या शब्दावर एक फांदी तरी राखेल का? आणि कंत्राट मार्चमध्ये संपत होतं. त्याहून वाईट म्हणजे, गावाने तसं म्हटलं असतं तर मला छातीठोकपणे 'खोटं' म्हणता आलं नसतं.

"साहेब," मी उभी राहिले, "हे प्रकरण माझ्याकडून काढून घ्या. झाड तुम्ही स्वतः जाऊन बघा."

"का? अहवालात चूक आहे?"

"चूक नाही."

"मग कारण? कारण लागेल मला."

मी अहवाल मिटून फाईलवर ठेवला.

"कारण... मला त्या घरी जायला आवडतं," मी म्हटलं. "एकदा गेले असते तरी चाललं असतं. मी पाचदा गेले. त्यात झाडाचं काम थोडंच होतं."

स्वप्निलच्या हातातली मोटारसायकलची किल्ली खाली पडली, ती त्याने उचललीच नाही. एवढं बोलणारा माणूस, तोंड उघडं ठेवून नुसता बसला होता.

सगळ्यात आधी कुंताबाई हलल्या. पदर सावरून, एकदम घरच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, आमचा अर्ज वापस द्या."

"काऊन?" उमाजीभाऊ दचकले. "खोली?"

"तुमाले काई समजते काय? चुप बसा."

"काकू, नको," मी म्हटलं. "माझ्यासाठी अर्ज मागे घेऊ नका. साहेब जे ठरवतील ते होऊ द्या. नाहीतर मला तुमच्या दारात कधीच येता येणार नाही."

कुंताबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. खोली बघणारे पाहुणे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. हे त्यांना नवीन असावं.

साहेबांनी चष्मा पुसला. "कारण लेखी द्या," ते मला म्हणाले. "'वैयक्तिक' एवढंच लिहा. बाकीचं सगळ्यांनी ऐकलंच आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः गेले. झाड पाहिलं, विहिरीकडची जागा पाहिली. निकाल दिला की झाड राहील, अंगणावर आलेल्या फांद्या छाटायला हरकत नाही, खोली मागच्या बाजूला बांधावी. उमाजीभाऊंनी एकच प्रश्न विचारला म्हणे, की आता सत्तर झाडं लावायची नाहीत ना? नाही म्हटल्यावर त्यांनी समाधानाने सांगितलं, की झाड तसं पुरं सत्तर वर्षांचं आहे.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेले. स्वप्निल गुडघाभर पाण्यात उभा होता. फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पाण्यावर तरंगत होत्या, आत बोटभर मासे चमकत होते.

"सोडत का नाहीस तू..." मी स्वतःला सावरलं. "सोडत का नाही तुम्ही त्यांना?"

"असं लगेच नाई सोडाचं. आतलं पाणी अन् बाहेरचं पाणी सारखं होऊ द्याचं आंदी. नाई त मासा घाबरते."

"किती वेळ?"

"माशाचं समजते मले." तो पिशवीकडेच बघत म्हणाला. "माहं नाई समजून राह्यलं. तुमी तिकडं सगळ्यांसमोर बोलल्या. मी इथी मासे मोजून राह्यलो."

"मग बोला ना. अडवलंय कुणी?"

त्याने तोंड उघडलं... आणि खिशातला फोन वाजला. ओल्या हाताने उचलताना तो स्पीकरवरच लागला.

"इचारलं काय रे?" कुंताबाईंचा आवाज तलावभर पसरला.

"इचारून राह्यलो, माय."

"मंग फोन काऊन उचलला, बह्याडा?"

फोन बंद झाला. पलीकडच्या काठावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता, तोही आता आमच्याकडे बघत होता. स्वप्निलने फोन पाळीवर ठेवला, हात सदऱ्याला पुसले, आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हसत नव्हता. डोळे मात्र...

"मले तू पायजे," तो म्हणाला. "मंजे... तुमी. नाई. तू."

इतके दिवस सांभाळलेली माझी कार्यालयातली भाषा कुठे गेली कोण जाणे. मी चपला काढल्या, पाळीवरून उतरून गार पाण्यात पाय ठेवला, आणि पिशवीची गाठ धरली.

"मंग चिमूरले कवा येशीन?" मी म्हटलं. "माह्या मायले इचारा लागन."

"उद्या," तो म्हणाला. "बस, हे मासे सोडू दे."

गाठ आम्ही दोघांनी मिळून सोडली.