भामाक्का दुपारी येतात

टिंग... टिंग...

भर दुपार. वीज गेलेली, पंखा बंद, सगळं घर चिडीचूप. आणि बाहेरच्या लोखंडी ग्रिलवर स्टीलच्या टंबलरचा तो आवाज.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीकडे, रम्याकडे घडलीय. तंजावरच्या मेलवीथीत, गेल्या मे महिन्यात. कुणाला पटो न पटो.

टंबलर वाजवत होत्या शेजारच्या भामाक्का. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. बेल कधी दाबायच्या नाहीत. कॉफीची वेळ झाली की टंबलर घेऊन हजर.

"रम्ये, थोडं डिकॉक्शन दे गे. माझा फिल्टर माझ्यासारखाच म्हातारा झालाय, त्यातनं काही उतरतच नाही!"

डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, घोटभर; गप्पा तासभर.

त्या दुपारी रम्याच्या छोट्या लेकीचा, हरिताचा कुठे डोळा लागत होता. रम्याला सकाळपासून पाठ टेकायला मिळाली नव्हती. टंबलर वाजला आणि पोर "पाट्टी आली!" म्हणत उठायला लागली. भामाक्का म्हणजे तिची लाडकी पाट्टी, आजीच.

रम्याने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"श्श... आपण घरात नाही हं."

टिंग... टिंग... टिंग...

आज बराच वेळ वाजत राहिलं. मग हळू झालं. मग...

काहीच नाही.

'सुटले बाई,' असं म्हणून रम्या लेकीला कुशीत घेऊन झोपली.

संध्याकाळी फुलवालीच्या किंकाळीने तिला जाग आली.

भामाक्का ग्रिलला टेकून बसल्या होत्या. हातात टंबलर. अंग थंडगार.

रम्याने काय केलं असेल? हरिताला उचललं, मागच्या दाराने बाहेर पडली आणि गल्लीला वळसा घालून पुढून आली. जणू बाहेरूनच येतेय.

डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली तेव्हाच कुणी नेलं असतं तर वाचल्या असत्या.

मुलगा वैद्यनाथ चेन्नईहून आला. रम्यासमोर हात जोडून रडला.

"अक्का, तुम्ही घरात असता तर माझी आई..."

"आम्ही पापनाशमला गेलो होतो रे. आईकडे."

हरिता मान वर करून बघत राहिली. रम्याने तिचा हात घट्ट दाबला.

तेरावा झाला. शेजारच्या घराला कुलूप लागलं.

आणि एका दुपारी रम्याने फिल्टर उघडला...

वरची पावडर ओली. पाणी उतरून गेलेलं. पण अर्क जमतो ते खालचं भांडं कोरडं.

पाणीच कमी घातलं असेल, ती स्वतःला म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही कोरडं. त्यानंतर रोजच.

ग्रिल मात्र वाजत नव्हती. रम्या त्या वेळेला कान देऊन बसायची. एकदा वाजावी असंच तिला वाटायला लागलं होतं. या वेळी ती धावत गेली असती. दार उघडलं असतं. पाय धरले असते.

पण नाही... काहीच नाही.

गेल्या शुक्रवारी ती परसात धुणं वाळत घालून आत आली. अंथरूण रिकामं होतं.

"हरिता?"

पुढच्या दारातून बारीक आवाज येत होता. पोर ग्रिलच्या सळ्या धरून उभी होती. मान वर, कुणा उंच माणसाशी बोलावं तशी.

"हो पाट्टी... माहीत नाही पाट्टी... थांब, विचारते."

रम्याने बाहेर पाहिलं.

रस्ता रिकामा. नुसतं ऊन.

फक्त... ताज्या कॉफीचा वास. अगदी नाकाशी.

"कुणाशी बोलतेस गे?" रम्याने विचारलं.

हरिता वळली. घाबरलेली नव्हती. उलट खूश होती, पाट्टी बऱ्याच दिवसांनी आली म्हणून.

"अम्मा, पाट्टी विचारतेय, त्या दिवशी तुम्ही घरात होता का? काय सांगू?"