दाराआडचं उत्तर

सकाळी नऊ आणि दुपारी चार, दिवसातून दोनदा मी ऑफिसला कुलूप लावते आणि फळी, कागद, पेन घेऊन जिना चढते. कुलूप लावावंच लागतं, कारण औषधांचं कपाट तिथंच आहे. अकरा वर्षं हेच चाललंय. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगण्यासारखं? मलाही तसंच वाटायचं.

आमच्या निवाऱ्यात चौदा खोल्या आहेत. राहणारे सगळे आधी रस्त्यावर होते. कुणी स्टेशनच्या जिन्यावर वर्षं काढली, कुणी पुलाखाली. कुणाच्या डोक्यात आवाज येतात, कुणाची किडनी गेलेली, कुणाचं दोन्ही. इथं प्रत्येकाला खोली मिळते आणि खोलीची किल्ली. ती किल्ली त्यांची. विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा आमचा पहिला नियम. पण माणसं आजारी, तेव्हा आत सगळं ठीक आहे ना हे कळायला तर हवं. म्हणून मी दारावर दोनदा टकटक करायची, आतल्याने दोनदा करायची. बोलायची सक्ती नाही. उत्तर आलं की कागदावर खूण. नाही आलं, तर माझ्या कमरेला सगळ्या दारांना लागणारी एक किल्ली आहे, तिनं दार उघडायचं.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा. दोन नंबरच्या ड्रायव्हरसाहेबांना पंख्याचा आवाज नको आणि पंखा बंदही नको. अकराच्या मास्तरीणबाई माझ्या कागदावरच्या चुका काढतात. वर जिन्यातला दिवा गेलेला, इलेक्ट्रिशियन तीन आठवडे ‘उद्या’ येतोय. आमच्या कॉरिडॉरला खिडकी नाही, त्यामुळे भरदुपारीही तिथं संध्याकाळ असते. आणि सहा नंबर चार महिने रिकामी. बाहेर माणसं फुटपाथवर झोपताहेत आणि वरच्या साहेबांची एक सही होत नाही! डोकं फिरतं.

सहामध्ये मावशी होत्या. एकोणीस वर्षं स्टेशनच्या जिन्यावर झोपलेल्या. गुडघे गेले होते म्हणून हातात काठी, आणि अंगाला कायम त्या गुडघ्याच्या तेलाचा वास. शेजारच्या सातमध्ये घड्याळवाले काका. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, मग डोक्यानं दगा दिला, मग घरच्यांनी. त्यात साखरेचा आजार, रोजचं इंजेक्शन. माझ्याशी कधी बोलायचे नाहीत, पण उत्तर मात्र नेमानं. नखानं, दोनदा, अगदी बारीक.

मावशींना एक खोड होती. शेजारी कुणी झोपलेलं असलं की त्याच्या वतीनं मधल्या भिंतीवर काठी आपटायच्या. मी एकदा रंगेहाथ पकडलं आणि चांगलं झापलं.

“मावशी, मी काय खेळ म्हणून दारं वाजवते?”

“रागावू नका हो ताई,” त्या म्हणाल्या. “जिन्यावर शिपाई यायचा, काठी आपटायचा. उत्तर नाही आलं की लाथ. मग आम्ही पाळ्या लावायचो. एकानं जागायचं, सगळ्यांच्या वतीनं उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी झोपायचं. आता माझी पाळी.”

“इथं पाळ्या नाहीत. इथं प्रत्येकाला दार आहे.”

“दार काय, असतं नि नसतं,” म्हणाल्या. पुढं थंडीत त्यांची किडनी पार थांबली. त्या हॉस्पिटलात गेल्या. काठी त्यांच्याबरोबर गेली आणि त्यांच्याबरोबरच चितेवर जळाली. आम्ही सगळे होतो शेवटी.

त्यानंतर चार महिन्यांनी, एक दिवस चारची फेरी. सातला टकटक केली. आतून उत्तर आलं, दोनदा. मी खूण केली आणि पुढं निघाले, तर पायाला काहीतरी लागलं. दुपारचा डबा, दाराबाहेर तसाच. मला संताप आला. इंजेक्शन घेऊन जेवायचं नाही म्हणजे काय!

“काका, डबा का नाही घेतला?”

टक. टक.

“काका, नंदीबैलासारखं होला हो नको. दार उघडा.”

टक. टक.

आणि मग मला तेलाचा वास आला. थोडासाच, दाराच्या फटीतून. हात दारावर तसाच राहिला. हा आवाज नखाचा नव्हता. जाड होता, लाकडाचा. काकांकडे काठी नव्हती...

मी कमरेची किल्ली लावली. काका पलीकडच्या भिंतीशी पडले होते, खिडकीखाली. दोन्ही हात अंगाखाली. अंग गार, घामानं भिजलेलं. दारापासून त्यांच्यापर्यंत पाच पावलं होती. तिथून त्यांना दार वाजवता येणंच शक्य नव्हतं.

ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “साखर पार खाली गेलीय. हे सकाळपासून पडलेत. तुमच्याकडे कुणी बघत नाही का?”

मी फळीवरचा कागद बघितला. सकाळी नऊच्या रकान्यात सातपुढं खूण होती. माझीच. उत्तर आलं होतं, म्हणून केलेली.

“वाचतील ना?”

“शुद्धीवर यायला हवेत. सकाळी फोन करतो.”

ते गेले आणि मी थेट सहा नंबर उघडली. गुंडाळलेली गादी, रिकामी खुंटी, बाकी काही नाही. आणि सांगते, मला भीती वाटायला हवी होती, पण आधी राग आला.

“मावशी!” मी त्या भिंतीला म्हणाले. “मेलात तरी तुमची खोड जाईना? तुम्ही उत्तर दिलंत म्हणून मी आत गेले नाही. झोपलेलं माणूस आणि पडलेलं माणूस, फरक कळत नाही तुम्हाला? ते मेले तर कुणाच्या डोक्यावर? माझ्या! खबरदार या घरात राहणाऱ्या कुणाच्याही वतीनं पुन्हा उत्तर दिलंत तर. तुमची पाळी संपली.”

मग सातच्या बाजूच्या भिंतीतून, अगदी हळू... टक. टक. मार खाल्लेल्या मुलानं मान डोलवावी तसं. तिथंच बसून मी रडले. का ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली मुठीत घेतली आणि वर गेले. एक नंबरला टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली. नाही. किल्ली लावून दार ढकललं, तर आतला माणूस चहा पीत बसलेला.

“अहो, उत्तर का देत नाही?”

दोन नंबर, तेच. तीन, चार, पाच. सगळी जिवंत, ठणठणीत आणि दार उघडलं म्हणून माझ्यावरच भडकलेली. सहा आणि सात सोडून चौदापर्यंत एकाही दारानं उत्तर दिलं नाही. सगळे माझ्या मागोमाग कॉरिडॉरमध्ये जमले.

“तुम्हाला झालंय काय सगळ्यांना? आजच संप?” मी ओरडले.

“आजच कुठं?” ड्रायव्हरसाहेब म्हणाले. “आम्ही कधी उत्तर देतो? मावशी देते की.”

“मावशींना जाऊन चार महिने झाले.”

“ते माहीत आहे. आम्हीपण होतो ना तिथं.” त्यांनी खांदे उडवले. “पण ती द्यायची थांबली नाही, मग आम्ही कशाला उठायचं?”

“आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “सगळ्या दारांतून एकच आवाज यायचा. तुम्हाला कळलं नाही?”

नव्हतं कळलं. चार महिने त्या काठीच्या जिवावर मी मुकाट्यानं खुणा करत होते आणि म्हणत होते, माझं लक्ष आहे.

“घड्याळवाले तेवढे स्वतः द्यायचे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “म्हणायचे, माझा आवाज वेगळा आहे.”

कागदावर फक्त सहा आणि सात उरले होते. आम्ही सातसमोरच उभे होतो. खोली रिकामी, काल मीच कुलूप लावलेलं. अकरा वर्षांची सवय, दुसरं काय. हात आपोआप वर गेला आणि दोनदा टकटक करून मोकळा झाला.

आतून उत्तर आलं. नखाचं. दोनदा, अगदी बारीक.

ड्रायव्हरसाहेबांनी माझा दंड धरला. हा आवाज काठीचा नव्हता; मावशींनी शब्द पाळला होता, हे मला तेवढ्यात कळलं. आणि हेही कळलं की मला हे दार उघडायचं नाही.

तेव्हाच खाली ऑफिसात फोन वाजायला लागला.

“ताई... हॉस्पिटलचा असेल,” मास्तरीणबाई कुजबुजल्या.

मला तो फोन घ्यायचा नव्हता. एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. मग थांबला. कापला गेल्यासारखा नव्हे. रिसीव्हर उचलला की होतो ना, तसा खट्‌ आवाज झाला आणि मग थांबला.

ऑफिसची किल्ली माझ्या मुठीत होती. मनाई मी या घरात राहणाऱ्यांपुरतीच केली होती, आणि मी काही इथं राहत नाही. जिन्यातून तेलाचा वास वर येत होता.