उघडा तळहात

आमच्या घरात नियम असा एकच, आणि तो दादाने केलेला. वहिनी आणि मी एका विमानात बसायचं नाही.

आम्ही दोघं एकाच कंपनीत. वहिनी कॅप्टन, मी को-पायलट. दादा शाळेत भूगोल शिकवतो. आख्खं जग नकाशावर फिरवून आणतो, पण स्वतः विमानात बसला की डोळे गच्च मिटतो. एकदम दोघंही गेली तर, हे तो तोंडाने कधी बोलला नाही. म्हणायचा, "चिमणीला शाळेतून आणायला घरात कुणीतरी लागेल की नाही?" चिमणी म्हणजे त्याची मुलगी. तिला आणायचा तोच, रोज. पण काय ते आम्हाला कळायचं. कंपनीत सांगून आम्ही ड्युट्या वेगळ्या लावून घ्यायचो.

त्या दिवशी वहिनीच्या को-पायलटचं ऐन वेळी पोट बिघडलं. मी स्टँडबाय होतो, म्हणजे कडक इस्त्रीचा गणवेश घालून एअरपोर्टवर नुसतं बसून राहायचं काम. मला बोलावलं.

कॉकपिटच्या दारात मला बघून वहिनीने कपाळाला हात लावला.

"भावजी, तुम्ही?" वैतागली की ती मला अहोजाहो करते.

"मीच. दादाला कोण सांगणार?"

"उतरल्यावर सांगू. आणि इथे मला कॅप्टन म्हणायचं."

"बरं, कॅप्टन वहिनी."

"बस गप."

दुपारचं साधं उड्डाण. आकाश स्वच्छ, खाली शेतांचे चौकोन. ताई कॉफी देऊन गेली. ताई म्हणजे केबिन क्रूची मुख्य, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. वहिनी चिमणीच्या गॅदरिंगच्या कपड्यांबद्दल काहीतरी सांगत होती.

तेवढ्यात शेपटीकडून आवाज आला. फार मोठा नव्हता. वरच्या मजल्यावर कुणी जड कपाट सरकवावं, तसा.

ऑटोपायलट सुटला. विमानाचं नाक वर गेलं. मग इतकं खाली गेलं की कॉफी कपातून उडून माझ्या शर्टावर आली. मागून किंचाळण्याचा आवाज आला, एकाच वेळी सगळ्यांचा, दारातून दबून आलेला.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या विमानात दोन चाकं असतात, कॅप्टनसमोर एक, को-पायलटसमोर एक. गाडीच्या स्टिअरिंगसारखी, फक्त ही पुढेमागेही होतात. दोन्ही आतून जोडलेली. एक हललं की दुसरं तसंच हलतं. त्यामुळे चालवतंय कोण, हे हाताकडे बघून कळत नाही. ते तोंडाने सांगायचं असतं: देणारा म्हणतो 'कंट्रोल तुझा', घेणारा म्हणतो 'कंट्रोल माझा'.

वहिनी दोन्ही हातांनी चाक ओढत होती. मानेच्या शिरा वर आल्या होत्या.

"जाम झालंय. मी इंजिनं सांभाळते. कंट्रोल तुझा."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच हेडफोनमध्ये ऐकू आलं,

"कंट्रोल माझा."

शांत आवाज. हेडफोनमध्ये सगळेच आवाज थोडे चपटे होतात. मला वाटलं, वहिनीने विचार बदलला आणि स्वतःकडेच ठेवला. कॅप्टनला तो हक्क असतो. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

अशा वेळी जो चालवत नाही, त्याने एक हात चाकावर ठेवायचा. तळहात उघडा. बोटं मिटायची नाहीत. चाक काय करतंय ते आपल्याला कळलं पाहिजे, पण आपण मध्ये यायचं नाही. ट्रेनिंगमध्ये हे इतकं घोटून घेतलेलं असतं की झोपेतही तळहात उघडाच राहील. मी उजवा तळहात टेकवला आणि डाव्या हाताने रेडिओ धरला. जवळच्या मोठ्या रनवेवर उतरायची परवानगी मागितली.

चाक हलत होतं.

कसं सांगू. मी बऱ्याच कॅप्टन लोकांच्या हाताखाली बसलोय. काही जण चाकाशी भांडतात, काही त्याला दटावतात. हे वेगळंच होतं. विमान डावीकडे कलायला लागायचं, चाक क्षणभर थांबायचं, जणू ऐकून घेतंय, आणि मग इतकंसं उजवीकडे. केसभरही जास्त नाही. नाक वर जायला लागलं की ते आधीच पुढे झालेलं असायचं. झोपलेल्या पोराच्या अंगाखालून हात काढतात ना, त्या बेताने.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीने नाही. मी मनात म्हणालो, वहिनी, घरी तू आमच्याशी भांडतेस, टॉवेल कुठे टाकला म्हणून ओरडतेस, आणि तुझ्या हातात हे आहे?

"जमतंय," वहिनी म्हणाली.

"जमतंय," मी म्हणालो.

तिचा उजवा हात इंजिनांच्या लिव्हरवर होता. डावा पलीकडच्या बाजूला, मला नीट दिसत नव्हता. तिला माझा उजवा दिसत नसणार. बघायला वेळ कुणाला होता.

खाली यायला लागलो तशा हवेच्या थपडा बसायला लागल्या. एक गोष्ट मला खटकली. चाक थपडेच्या आधी वळत होतं. आधी वळायचं, मग थपड यायची आणि विमान जिथल्या तिथे. ढग नव्हता, धूळ नव्हती. वारा काही दिसत नाही. मी म्हटलं, अनुभव. इतकी वर्षं उडवल्यावर येत असेल.

चाक कोमट झालं होतं. म्हटलं, वहिनीने घट्ट धरलं असेल. मग लक्षात आलं, वहिनीचं चाक वेगळं, माझं वेगळं. माझ्या चाकाला फक्त माझा हात. पण रनवे समोर दिसायला लागला होता आणि मी आकडे वाचण्यात गुंतलो.

हेडफोनमध्ये श्वास ऐकू येत होते. माझा धापा टाकणारा. वहिनीचा भराभर.

आणि एक संथ.

लाईनमध्ये खरखर असेल, असं मी ठरवून टाकलं.

रनवेच्या दोन्ही बाजूंना आगीचे बंब उभे. वारा आडवा. मी पाय जमिनीला दाबून बसलो होतो आणि ओठांवर फक्त चिमणीचं नाव होतं, कुणी सांगितलं नसताना कविता पाठ म्हणून दाखवायची तिची सवय आठवत होती. दादा या वेळेला वर्गात असेल, फळ्यावर नद्या काढत असेल.

चाक हळूच मागे आलं. थांबलं. अजून थोडं मागे आलं.

विमान टेकलं ते मला कळलंच नाही. ब्रेक लागले तेव्हा कळलं.

मागे टाळ्या, रडणं, देवाचं नाव, सगळं एकत्र. दार उघडून ताई आत आली. काजळ गालावर आलेलं.

"कुणाचे पाय धरू सांगा आता!"

"हिचे," मी म्हणालो.

"ह्याचे," वहिनी म्हणाली.

एकाच वेळी. ताई हसली. आम्हीही हसलो.

"नाटकं पुरे," वहिनी मला म्हणाली. "मी नुसता तळहात टेकवला होता. आयुष्यात असं उडवणं बघितलं नाही मी. शिकलास कधी?"

"वहिनी, मी पण तळहातच टेकवला होता."

ती हसत राहिली. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं.

"कंट्रोल माझा म्हणालास ना?"

"मला वाटलं, तू म्हणालीस."

ताई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला कुणीतरी हाक मारली, ती गेली.

प्रवासी उतरले. आम्हीही खाली उतरून पंखाच्या सावलीत उभे राहिलो. इंजिनिअर वर गेला होता. दणकट माणूस, दंड बघितले तर कुस्ती खेळतो म्हणावं. घामाघूम होऊन परत आला.

"चाकाला काय केलंय तुम्ही? पाय लावून ओढलं, तसूभर हलत नाही. दोन्ही."

"हलत होतं," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."

त्याने मान हलवली. "शेपटीतला रॉड वाकून रुतून बसलाय. तो आवाज आला ना, तेव्हापासून हे चाक हललेलं नाही. हलूच शकत नाही."

"मग आम्ही उतरलो कसे?"

"तेच विचारायला आलोय, बाबा."

वहिनीचा फोन वाजला. दादा. कंपनीतून कळल्याबरोबर मिळेल ती गाडी पकडून चिमणीला घेऊन निघाला होता. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"दोघंही आहात ना? एवढंच सांग. दोघंही?"

"दोघंही," वहिनी म्हणाली. "ओरडायचं ते आल्यावर ओरड. येतोच बाहेर." फोन ठेवून तिने बॅग उचलली, चार पावलं गेली आणि थांबली.

"असं नाही जाता यायचं."

"काय झालं?"

"आपण घरी निघालो. पण उतरलो म्हणून वर सांगितलंच नाही." तिने वर कॉकपिटच्या काचेकडे बघितलं.

मला विचारायचं होतं, कुणाला. तिच्या मागून शिडी चढलो.

केबिनमध्ये कुणाचा तरी एक बूट पडला होता. कॉकपिटमध्ये सांडलेल्या कॉफीचा वास. ती तिच्या खुर्चीत बसली, मी माझ्या. दोघांनी तळहात टेकवले.

चाक दगडासारखं घट्ट होतं. आणि अजून कोमट.

चिमणीला ताप आला की वहिनी जशी पाठीवरून हात फिरवते, तसा तिने चाकावरून फिरवला.

"झालं," ती म्हणाली. "सगळे उतरले. एकही राहिला नाही. किती सुंदर आणलंस रे आम्हाला. आता सोड."

काही झालं नाही. बाहेर सामानाच्या गाड्यांची घरघर.

"सोड, राजा. दमला असशील."

मग माझ्या तळहाताखाली, एका जागचा कडकपणा गेला. एवढीशी जागा. बोटाएवढी.

मग शेजारची.

मग तिच्या शेजारची.

एकेक बोट सुटत होतं. मी नकळत मोजायला लागलो. वहिनीचे ओठ हलत होते, तीही मोजत होती.

दहा झाली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

सुटणं थांबलं नव्हतं.