थोरल्या मामाच्या गाडीतला रेडिओ

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे माझ्या धाकट्या मामासोबत खरंच घडलंय. आणि हा माणूस भुताचं नाव काढलं तरी खो खो हसायचा.

रात्रही नव्हती. भर दुपार. थोरल्या मामीच्या घराला लागून असलेलं पत्र्याचं गॅरेज. स्वयंपाकघराचं दार थेट तिथेच उघडायचं.

थोरला मामा जाऊन वर्ष झालं होतं. त्याची जुनी गाडी दुसऱ्या दिवशी नव्या मालकाकडे जाणार होती.

"गाडी जाऊ दे, भाऊजी," मामी म्हणाली. "पण एकदा तो रेडिओ ऐकवा."

थोरला मामा घरी आला, की गाणं संपेपर्यंत गाडीतून उतरायचा नाही. जेवण निवतंय म्हणून मामी करवादायची.

रेडिओ जुन्या व्हॉल्व्हचा, आतल्या काचेच्या नळ्या तापल्या की मगच बोलणारा. धाकट्या मामाचा त्यात हातखंडा. पण त्या दिवशी रेडिओ त्याचा अगदी अंत पाहत होता.

टेबलावर बॅटरीला जोडला, की खणखणीत वाजायचा.

गाडीत बसवला... की मुका.

फ्यूज बदलला. तारा बदलल्या. व्हॉल्व्ह काढून, पुसून परत बसवले. साधी खरखरसुद्धा नाही.

"मेल्या, माझ्याशीच वैर आहे का तुझं?" मामा खेकसला. डॅशबोर्डखाली वाकून कंबरेचा काटा ढिला झालेला. वहिनीला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्याला रडूच यायला लागलं.

वैतागून त्याने रेडिओ पुन्हा उपसला. जमिनीवर फतकल मारून मांडीवर घेतला. तारा लोंबत होत्या. व्हॉल्व्ह थंडगार.

आणि...

भुणभुण सुरू झाली. मग व्हॉल्व्ह तापल्यावर येतो तसा, हळूहळू गाण्याचा आवाज वर आला.

गाडीतून.

डॅशबोर्डमध्ये नुसतं भोक होतं.

मामाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तेवढ्यात मामी स्वयंपाकघराच्या दारात आली. डोळे भरलेले. "भाऊजी, जमलं की हो तुम्हाला!"

मामाने घाईघाईने मांडीवरचा रेडिओ शर्टाखाली झाकला.

गाणं संपलं.

गाडीचं दार धाडकन लागल्याचा आवाज आला...

गाडीची दोन्ही दारं सताड उघडी होती.

मामी दारातून बाजूला सरली. कुणाला वाट द्यावी तशी.

"हात धुऊन घ्या," ती म्हणाली.

ती मामाकडे बघत नव्हती.

गाडी मामीने दिलीच नाही. मामाने हे एकदाच सांगितलं; आता विचारलं, तर "तारेत दोष होता" म्हणून विषय बदलतो. पण त्या घरी तो आता जेवायला थांबत नाही.

मीही नाही.