युलालियाच्या खमिराची दोरी

"चोर कोण ते मला ठाऊक आहे," म्हातारी दारातूनच म्हणाली. "तुम्ही फक्त पुरावा द्या."

क्लोटिल्डा कुइरेनं तिला खुर्ची दिली. उत्तर घानातल्या वा या शहरात खाजगी गुप्तहेर म्हणून तिची पाटी लागून बरीच वर्षं झाली होती, आणि चोराचं नाव घरूनच ठरवून येणारी गिऱ्हाइकं तिला नवी नव्हती. तिचा मदतनीस बोनाव्हेंचर चहा घेऊन आला. स्टीलचे पेले इतके तापले होते की टेबलापर्यंत पोचेस्तोवर त्यानं दोनदा हात बदलले. म्हातारीनं मात्र आपला पेला मुठीत धरला आणि बोलत राहिली. जन्मभर चुलीपुढं बसलेल्या बायकांचे हातच वेगळे, असं बोनाला कौतुकानं वाटलं.

ही म्हातारी म्हणजे युलालिया. मोड आलेल्या ज्वारीची हलकी बिअर, पिटो, तिच्यासारखी नानडोमच्या बाजारात कुणी करत नसे. भर उन्हाळ्यात तिच्या अंगणात बसून भोपळ्याचे दोन तुंबे रिचवावेत, पोटात गारवा उतरावा आणि तरीही माणसानं सरळ रेषेत चालत घरी जावं, अशी तिची ख्याती होती.

"माझी दोरी गेली," ती म्हणाली. "माझ्या आईनं गवताची वळलेली. दर खेपेला पिटोच्या माठात रात्रभर बुडवायची, सकाळी काढून चुलीवरच्या खुंटीला वाळत घालायची. सगळं खमीर तिच्यात. येत्या रविवारी तिचे तुकडे करून बहिणीच्या तिघी नातींना द्यायचे होते. नव्यानं संसार मांडलेत पोरींनी. आता त्यांना काय देऊ, माझं कपाळ?"

"आणि चोर?"

"सून. रुफिना. मुलगा कुमासीला कामावर, घरात आम्ही दोघीच. दोरी तिच्या पेटीत असणार. पण माहेरहून आलेली पेटी सासूनं उघडायची नसते. म्हणून तिच्या बापाला उद्या बोलावलंय. दोरी निघाली की पोरगी पेटीसकट माहेरी."

"आणि नाही निघाली तर?"

म्हातारीनं उरलेला चहा संपवला आणि उठली.

दुसऱ्या दिवशी बोनाच्या मोटरसायकलवरून दोघं गावात पोचली. बाजाराचा दिवस होता. पिटो नसल्याचं ठाऊक असूनही युलालियाच्या अंगणातल्या बाकांवर माणसं बसली होती, देवळात देव नसला तरी पायरीवर बसावं तशी.

स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. बोनानं खुंटीला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"मावशी, ही खुंटी आहे की तवा?"

"तुझी कातडी मऊ आहे," युलालिया म्हणाली. "वरच्या खुंटीपर्यंत माझा खांदा उचलत नाही. उन्हाळा लागताना ही खाली ठोकली. हात धरून बघितलं होतं मी. बेताचीच ऊब लागते."

क्लोटिल्डा खाली वाकली होती. खुंटीखालच्या फळीवर दोरीतून गळलेले तपकिरी कण पडले होते. तिनं ते हुंगले आणि कागदाच्या पुडीत बांधले.

"वास कसला येतो, बोना?"

"करपलेल्या पावाचा."

समोर कडुनिंबाखाली परपेतुआचा धंदा होता. ती युलालियाची जन्माची स्पर्धक. दोरीचं नाव काढताच ती हसली.

"चोरायची कशाला? दर बाजारी मी तिची एक तुंबाभर पिटो विकत घेते. वरची पिते, तळाचा गाळ माझ्या माठात. त्यात तिचं सगळं खमीर येतं. गावातल्या सगळ्या जणी तेच करतात, आणि ती माझ्या गाळावर डोळा ठेवून असते. विचार तिला."

"यंदाची तिची पिटो कशी होती?"

परपेतुआनं हातातला तुंबा खाली ठेवला. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू? गेले दोन महिने तिनं जी पिटो केली, तशी तिनं आयुष्यात केली नव्हती. इतकी हलकी की पितानाच तहान परत लागावी. मी तर जळून कोळसा झाले."

क्लोटिल्डानं तिच्याकडून निवत ठेवलेला, अजून खमीर न घातलेला ज्वारीचा गोड काढा दोन तुंब्यांत मागून घेतला.

रुफिना आपल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. वय विशीतलं, डोळे सुजलेले.

"मी चोरी केली नाही," ती म्हणाली. "पेटी उघडू नका. मी जाते बापाबरोबर, पण पेटी उघडू नका."

पाण्याच्या रांजणाआड ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक लहान पोकळ भोपळा बोनाला दिसला.

"यात काय?"

"पाणी."

बोनानं कान लावला. पाणी असं फुसफुसताना त्यानं ऐकलं नव्हतं. बाहेर येऊन तो क्लोटिल्डाच्या कानाला लागला, "मॅडम, पोरीनं स्वतःची भट्टी काढायचा बेत केलाय. दोरी तिच्याकडेच."

"दोरी तिच्याकडेच आहे," क्लोटिल्डा म्हणाली. बोनाला फार बरं वाटलं.

रुफिनाचा बाप झिएम सायकलवरून आला. त्यानं कुणाला न विचारता पेटी उघडली. लुगड्यांखाली केळीच्या पानात दोरी होती. त्यानं झाकण लावलं आणि पेटीला दोर बांधायला घेतला. युलालियानं सुटकेचा निःश्वास सोडला, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही.

"थोडं थांबा, बाबा," क्लोटिल्डा म्हणाली. तिनं एका तुंब्यात पुडीतले कण टाकले, दुसऱ्यात दोरीचं टोक बुडवलं, आणि ऊन कलेपर्यंत सावलीत बसून राहिली.

मग तिनं सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. एका तुंब्यावर पांढरा फेस चढला होता. दुसऱ्यातला काढा होता तसाच निपचित पडला होता.

"हे कण दोरी खुंटीवर होती तेव्हाचे," ती म्हणाली. "मेलेले. आणि ही दोरी पेटीतली. जिवंत. मेलेली वस्तू चोरून नेऊन ती जिवंत करणारा चोर मी पहिल्यांदाच पाहतेय."

"म्हणजे?" बोनानं विचारलं.

"तुझा हात भाजला ना खुंटीला? दोरी तिथं दर खेपेला भाजून निघत होती. भाजलेलं खमीर पिटो फुलवत नाही. मग दोन महिने पिटो फुलवली कुणी? फडक्यातल्या भोपळ्यानं. माठातला ताजा गाळ रुफिना त्यात गारव्याला जपून ठेवायची आणि सासूची पाठ वळली की पुढच्या माठात ओतायची."

"मग दोरी का नेली तिनं?" झिएमनं विचारलं.

"रविवारी तुकडे वाटले जाणार होते. त्या नातींच्या घरी गुपचूप गाळ ओतायला कुणी नव्हतं. तिघींचे माठ नासले असते आणि युलालियाच्या आईची दोरी मेली हे मुलूखभर झालं असतं. म्हणून तिनं ती नेऊन भोपळ्यात भिजवली, सावलीत वाळवली. रविवारच्या आत परत टांगणार होती. त्याआधीच बोभाटा झाला. खमीर हवं असतं तर चोरायची गरजच नव्हती, ते परपेतुआनं सांगितलंच आहे."

"तोंड शिवलं होतं काय तिचं?" युलालिया म्हणाली. "सांगायचं मला. मी हात धरून बघितला होता. ऊब बेताचीच होती."

क्लोटिल्डाचा आवाज खाली आला. "मावशी, काल बोनाच्यानं पेला धरवत नव्हता. तुम्ही तो मुठीत घेऊन बसला होतात."

युलालियानं आपल्या हातांकडं पाहिलं. तळव्यावर चटक्याचा एक ताजा फोड होता. तो कधी आला, हे तिला सांगता आलं नसतं.

"एकदा तुम्ही निखारा बोटांनी उचललात, आई," रुफिना म्हणाली. "तुम्हाला कळलंच नाही. हातातली जाण गेली असं तुम्हाला मी कुठल्या तोंडानं सांगू? हातावरच तर तुमचं सगळं आहे."

भोपळा पाहून आपण पोरीला चोर ठरवलं, याची बोनाला लाज वाटली. इतक्या कमी वयात माणूस एवढं पोटात ठेवू शकतं, हे त्यानं पाहिलं नव्हतं.

युलालिया उठली. खोलीत कुणाकडंही न बघता ती अंगणात गेली, बाकांवर बसलेल्या माणसांपुढं उभी राहिली.

"ऐका रे," ती म्हणाली. "दोन महिने जी पिटो पिऊन तुम्ही माझं नाव घेत होतात, ती माझी नव्हती. माझ्या सुनेची होती. माझे हात गेलेत."

मग समोरून परपेतुआचा आवाज आला, "तरीच म्हटलं, म्हातारी एवढी हलकी कशी झाली या वयात."

सगळ्यांत आधी युलालिया हसली. मग बाकं हसली. दारात उभ्या झिएमनं पेटीचा दोर सोडायला घेतला.

"मग आता पिटो मागायची कुणाच्या नावानं?" एकानं विचारलं.

"तिच्या," युलालिया म्हणाली. "माझं काय, मी मेल्यावर घ्यालच."