वणव्यापुढची पिकअप

साळूआत्याला डोंगरातून खाली आणायचं, एवढ्यासाठीच आम्ही निघालो होतो. मढच्या वरच्या रानात वणवा पेटला होता, आणि आत्या खिंडीपलीकडच्या झापात, तिच्या गवती झोपडीत, एकटीच! तिथं फोनही लागत नाही.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, गोरखची. जुनाट पिकअप, चढावर सारखी बंद पडणारी. फिल्टर बदलला तरी तेच. म्हणून त्यानं गॅरेजातून डिझेलचं प्रेशर मोजायचा गेज आणला होता.

"घरापुढं बघितलं ताई, सुई एकदम जागेवर!"

"उभ्या गाडीला काय धाड भरलीय? चढावर बघ की!" मी खेकसले आणि गेजची नळी बॉनेटमधून बाहेर काढून गेज समोरच्या काचेवर चिकटवला.

जाताना गाडीनं दोनदा आचके दिले, पण खिंड ओलांडली. आत्या सापडली. तिला पुढं बसवलं, तिची गाभण शेळी मागं चढवली आणि परत फिरलो. धुरानं डोळे चुरचुरत होते. खालच्या उतारावरचं वाळलं गवत तडतडत पेटत वर येत होतं.

चढ लागला. सुई थरथरली. घसरली. शून्य! गाडी बंद!

"आता गं?" गोरखनं खाली उडी टाकून बॉनेट उघडलं.

आत्याचे गुडघे कामातून गेलेले. तिला चालवत नेणं शक्यच नव्हतं. मला लई भीती वाटली, खोटं कशाला बोलू! गोरखनं डिझेल ओढायचा हातपंप दाबला. सुई परत वर! इंजिन लागलं, गाडी चार हात पुढं गेली, परत सुई खाली.

"पंप चांगलाय," मी ओरडले. "टाकीतच कायतरी पाइपाच्या तोंडाला चिकटतंय!"

आत्या खोकत म्हणाली, "गोरख्या, डिझेल कसं वतलं व्हतं रं?"

"ड्रममधनं. फडक्यानं गाळून."

"आन् फडकं?"

गोरखनं कपाळावर हात मारला. आमच्याकडं सगळेच टाकीच्या तोंडाला फडकं लावून गाळतात. यानं ते आतच सोडलं होतं!

शिव्या द्यायलाही वेळ नव्हता. मागं डिझेलचा कॅन होता, फवारणीची नळी होती. मी टाकीकडून येणारा पाइप उपसला, तिथं नळी जोडली, खिडकीतून आत घेऊन कॅनमध्ये सोडली.

"आत्या, कॅन मांडीवर घट्ट धर!"

मांडीवर डिझेल आणि मागं आग! आत्या कॅनला मिठी मारून बसली. गोरखनं पंप मारला. मी चावी फिरवली. सुई चढली. थांबली. खाली घसरेना!

"चल गं बाई, चल!"

ठिणग्या हौद्यात पडत होत्या. मागं चढलेला गोरख गोणपाटानं विझवत होता. शेळी बोंबलत होती. शेवटचं वळण... आणि खिंड! पलीकडचं, मढच्या बाजूचं रान आधीच जळून काळं पडलं होतं. तिथं आग येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. आतून लुगड्याचा तुकडा निघाला, हिरव्या काठाचा.

"माझंच हाय की! गाडी पुसायला तूच मागून नेलं व्हतंस!" आत्यानं तो पिळला आणि गोरखच्या गळ्यात घातला. "घ्या पावणं, तुमचा सत्कार!"

आम्ही पोट धरून हसलो. मग आत्या त्याच तुकड्याचा काठ हातात धरून रडायला लागली. झाप जळून गेला होता. अंगावरचं सोडलं तर तिच्या लुगड्यांपैकी तेवढंच उरलं होतं.