पाण्याच्या खाचेखालची रेघ

सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. पटलं तर मिशी उतरवीन.

"आजोबा, ती मिशी आतापर्यंत नऊ वेळा पैजेवर लागलीय," नात म्हणाली. आजी शेजारी बसून शेंगा सोलत होती.

तेव्हा मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. आमच्याकडे एक अँटिबॉडी होती, भारी चोखंदळ. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, दारावरच्या कडीसारखे. कडी नुसती लटकत असेल तर ही बया ढुंकूनही बघायची नाही. कुणी वाजवून जागी केली, की तिलाच जाऊन चिकटायची. मग एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी रेघ उमटायची.

त्या वर्षी हिच्या, म्हणजे आजीच्या, गळ्यातली काढलेली गाठ पुन्हा वर आली. ही इस्पितळात, आणि गाठीचा तुकडा आमच्याकडे. रेघ उमटली तर दुखणं परतलं. रेघ नाही, तर सुटलो.

अँटिबॉडीचा शेवटचा थेंब उरला होता. म्हणजे दुसरी संधी नाही. मी जेलच्या वडीतल्या चार खाचा भरल्या. पहिलीत मुद्दाम जागवलेल्या पेशी, दुसरीत झोपलेल्या, तिसरीत हिचा तुकडा, चौथीत नुसतं पाणी.

दुपारी अंधाऱ्या खोलीत शिरलो. लाल दिवा, व्हिनेगरसारखा आंबूस वास, नळाची टपटप. अर्धं मिनिट नमुन्यांवर ठेवलेली पहिली फिल्म द्रावणात बुडवली. तिसऱ्या खाचेखाली रेघ.

मी ती तीनदा दिव्याशी धरून पाहिली.

दुसरी फिल्म पाच मिनिटं ठेवली. जास्त वेळ ठेवली की रेघ गडद व्हायला हवी. पहिल्या खाचेखालची झालीही. हिची मात्र फिकटली.

तिसरी फिल्म, दहा मिनिटं. हिची जागा कोरी.

आणि पाण्याखाली काहीतरी उमटत होतं.

चौथी, वीस मिनिटं. पाण्याखाली काळीभोर रेघ.

पाण्यात जागं व्हायला असतं काय?

फिल्म वाळवली, कोपरा कापला, तारीख घातली. संध्याकाळी ती डॉक्टरबाईंच्या हाती पडली. "साधी गाठ आहे," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्या खुर्चीतच लहान पोरासारखा रडलो. त्याला आता बत्तीस वर्षं झाली. ही अजून शेंगा सोलतेय आणि माझी खरडपट्टीही काढतेय.

"दाखवा मग फिल्म!"

मी कपाटातून काढून दिली. नातीने ती खिडकीशी धरली. "अक्षर तुमचंच. कोपराही डावीकडचा कापलाय."

"बाकी सगळे उजवा कापायचे. मी डावखुरा ना."

तिने तारीख मोठ्याने वाचली. आजीचे हात थांबले.

"अहो, किती थापा माराल पोरीला? त्या दिवशी कुठे गेला होतात तुम्ही कामावर? पहाटेपासून रात्रीपर्यंत माझ्या खाटेशी बसला होतात, माझा हात धरून, टक्क जागे. पाणी प्यायलासुद्धा उठला नाहीत."